एमएस झाल्यावर ताटात काय घ्यायचं?

ताई, रिपोर्ट आल्यापासून जो तो सांगत असेल, गहू सोडा, दूध सोडा, अमका काढा घ्या. मी तेरा वर्षं एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार, घेऊन सांगलीत राहतेय. आधी एकच सांगते, पथ्याच्या भरवशावर औषध बंद करू नका. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डॉ. रॉय स्वँक यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कमी सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे तूप-लोण्यासारखे पदार्थ कमी असलेला आहार सुचवला. त्यानंतर कितीतरी आहार आले, पण कशानेही हा आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. दिवस मात्र सुसह्य होतो.

माझा मोठा त्रास बद्धकोष्ठतेचा. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून मी पाणीच तोडलं होतं, तिथंच चुकलं. आता दिवसभर थोडं थोडं पिते, झोपायच्या दोन तास आधी थांबते. ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर शेपू, आणि रात्री भिजवलेले आठ-दहा तासगावचे बेदाणे. चहा दोनच कप.

उन्हाळ्यात भाकऱ्या सकाळी लवकर उरका. मला एकदा तव्यासमोर डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. घाबरले, पंख्याखाली बसून गार ताक प्यायले, हळूहळू निवळलं. अंग तापलं की असं होतं, तो नवा अटॅक, म्हणजे एमएसने पुन्हा उचल खाल्ली, असतोच असं नाही. पण दिवसभर टिकलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

व्हिटॅमिन डी तपासून घ्या. पावडरची पाकिटं मात्र मनाने घेऊ नका, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. स्टेरॉइड सुरू असताना साखर वाढते, तेवढे दिवस कंदी पेढे शेजारी देऊन टाका.