वाचकांचे प्रश्न : कामाच्या कुत्र्याचं कोरडं खाणं

प्रश्न : वडाळ्याला ट्रक टर्मिनसजवळच्या गोदामांवर आमच्या एजन्सीचे चार जर्मन शेफर्ड रात्रपाळी करतात. वजन प्रत्येकी ३० किलोच्या आसपास. सध्या २०० रुपये किलोचं खाणं देतो. दुकानदार म्हणतो २३० वालं घ्या, मालक म्हणतात किलोमागे तीस रुपये जास्त कशाला? कोणाचं खरं मानायचं?
– सुपरवायझर, वडाळा

उत्तर : दोघेही पोत्याचा भाव बघताहेत. बघायचा असतो तो एका कुत्र्यामागे दिवसाला येणारा खर्च. त्यासाठी पोत्याच्या मागे छापलेले आकडे लागतात : प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि अ‍ॅश. अ‍ॅश (जाळल्यावर उरणारी राख, म्हणजे खनिजं) बऱ्याचदा छापलेली नसते, तेव्हा ८ धरा. या पाचांची बेरीज १०० मधून वजा केली की पिष्टमय भाग उरतो. आता प्रोटीन आणि पिष्ट ३.५ ने गुणा, फॅट ८.५ ने गुणा आणि तिन्हींची बेरीज करा. १०० ग्रॅम खाण्यातल्या कॅलरी मिळतात. कंपनीने कॅलरी स्वतःच छापल्या असतील तर अर्थात तोच आकडा घ्या.

समजा, २०० वाल्या पोत्यावर प्रोटीन २४, फॅट १०, फायबर ५ आणि मॉइश्चर १० आहे. पिष्ट उरलं ४३. कॅलरी होतात सुमारे ३२०. २३० वाल्यावर प्रोटीन २८, फॅट १८, फायबर ३, मॉइश्चर १० असेल तर पिष्ट ३३ आणि कॅलरी सुमारे ३६६.

पुढे कुत्र्याची गरज. वजनाचा घन करा, आलेल्या आकड्याचं दोनदा वर्गमूळ काढा आणि १३० ने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतं. ३० किलोचा घन २७,०००, पहिलं वर्गमूळ १६४.३, दुसरं १२.८, म्हणजे दिवसाला साधारण १६६५ कॅलरी. पहिल्या खाण्याचे त्यासाठी ५२० ग्रॅम लागतील, दुसऱ्याचे ४५५. खर्च एकाचा १०४ रुपये, दुसऱ्याचा १०५. किलोमागचे तीस रुपये दिवसाच्या हिशोबात एका रुपयावर आले.

खर्च सारखाच असेल तर दुसरं घ्या. फॅट जास्त असलेलं खाणं लांब पल्ल्याच्या कामाला उपयोगी पडतं, कारण सावकाश पण तासन्‌तास चालणारा कुत्रा मुख्यतः फॅटवरच चालतो. गस्तीच्या कुत्र्याला प्रोटीन २४ ते २८ आणि फॅट १२ ते १८ पुरतं. याच पद्धतीने ४०० रुपये किलोचं, १०० ग्रॅमला ३९० कॅलरी देणारं खाणं तपासलं तर दिवसाचे १७० रुपये होतात. पोटाची विशेष तक्रार नसलेल्या कुत्र्यावर हा खर्च करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

मात्र हे आकडे फक्त सुरुवात करायला आहेत. गेटवर साखळीला बसून राहणाऱ्या कुत्र्याला यापेक्षा पाव हिस्सा कमीही पुरेल, आणि रात्रभर फेऱ्या मारणाऱ्याला जास्त लागेल. दर पंधरा दिवसांनी वजन करा. बरगड्यांवरून हात फिरवताना त्या सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून सगळ्या मोजता येता कामा नयेत. फरक दिसला तर खाणं १० टक्क्यांनी कमी-जास्त करा. मोजायला वजनकाटाच वापरा. मगाने किंवा वाटीने मोजलं की हँडलर बदलला तसं मापही बदलतं.

प्रश्न : घटकांच्या यादीत 'चिकन' पहिलं आहे आणि प्रोटीनही २६ टक्के, तरी कुत्र्याची शी खूप आणि सैल होते. असं का? आणि सुटं खाणं स्वस्त पडतं, ते घ्यावं का?
– वाचक, कुर्ला

उत्तर : यादी वजनाच्या क्रमाने असते आणि वजन धरतात ते कच्च्या मालाचं. ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दाणे भाजून-सुकवून झाले की त्याचा वाटा बराच खाली जातो आणि त्यामागे लिहिलेला मका किंवा तांदूळ खरा पहिला ठरतो. उलट 'चिकन मील' आधीच सुकवलेलं असतं, त्यामुळे ते वर असेल तर चांगलंच. एकच धान्य 'मका', 'मक्याचं ग्लुटेन', 'मक्याचा कोंडा' असं तीन ठिकाणी तोडून लिहिलेलं दिसलं तर तिन्ही एकत्र धरून बघा.

प्रोटीनचा छापील आकडा नायट्रोजन मोजून काढतात. पिसं, कातडी, कूर्चा हे सगळं त्यात मोजलं जातं. पचतं किती, ते तो आकडा सांगत नाही. ते शी सांगते. दिवसाला एक-दोन वेळा, घट्ट, उचलताना जमिनीला न चिकटणारी आणि खाण्याच्या मानाने थोडी असेल तर खाणं अंगी लागतंय. ढीगभर होत असेल तर पैशांचा मोठा भाग तिथेच जातोय. दोन आठवडे मोजून दिल्यावरही हेच चाललं असेल आणि जंताचं औषध वेळेवर दिलेलं असेल, तर खाणं बदला.

सुटं घेऊ नका. त्यावर ना आकडे, ना तारीख, ना लॉट नंबर. सीलबंद पोत्यावर मोठी सूट दिसली तरी आधी तारीख वाचा, बहुतेक वेळा मुदत संपत आलेली असते.

प्रश्न : आरेत आमचा तबेला आहे. बिबट्याच्या भीतीने दोन गावठी कुत्रे राखणीला ठेवलेत, प्रत्येकी २२ किलो. आतापर्यंत चपाती, दूध आणि वर सुकट द्यायचो. आता कोरडं खाणं सुरू केलंय, पण पावसात पोतं खराब होतं.
– तबेलामालक, गोरेगाव

उत्तर : आधी सुकट बंद करा, तिच्यात मीठ फार असतं. दुधाने वाढ पूर्ण झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात. चपाती दिवसाला प्रत्येकी एक ठीक आहे. कोरड्या खाण्याखेरीज जे देता ते एकूण कॅलरींच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहू द्या, नाहीतर पोत्यात मोजून घातलेल्या कॅल्शियम-जीवनसत्त्वांचं प्रमाण बिघडतं.

तुमच्या कुत्र्यांना प्रत्येकी साधारण १३२० कॅलरी, म्हणजे वरच्या दुसऱ्या खाण्याचे ३६० ग्रॅम लागतील. दोघांचे ७२० ग्रॅम. २० किलोचं पोतं चार आठवड्यांत संपेल. कोरड्या दिवसांत हे चालेल, पण जून ते सप्टेंबर १० किलोचं घ्या, म्हणजे ते दोन आठवड्यांत संपेल. नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह असलेल्या पोत्याच्या बाबतीत तर नक्कीच, कारण उघडल्यावर त्यातलं फॅट लवकर खवट होतं. जुन्या तेलासारखा वास आला की ते खाणं टाकायचं.

खाणं मूळ पिशवीतच ठेवा, तिचं तोंड गुंडाळून चिमटा लावा आणि पिशवी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. दाणे थेट डब्यात ओतले तर तळाला जुन्या फॅटचा थर साचतो आणि नव्या खाण्यालाही खवटपणा लागतो. डबा फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब आणि पेंड-भुशापासून दूर असावा. तबेल्यात उंदीर असणारच, आणि त्यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही. रात्री खाण्याचं भांडं भरलेलं ठेवू नका. लेप्टोची लस दर वर्षी द्या.

ओलसर झालेले दाणे उन्हात वाळवून पुन्हा घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती धोकादायक आहे. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हाने जात नाही, शिजवूनही जात नाही, आणि ते यकृतावर घाव घालतं. कुत्रा खाईनासा झाला, उलट्या करू लागला, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरकडे न्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की जवळचा दवाखाना, जाताना पोत्यातलं मूठभर खाणं आणि लॉट नंबरचा फोटो बरोबर घ्या.

प्रश्न : कामाच्या कुत्र्याला 'ग्रेन-फ्री', म्हणजे धान्य नसलेलं खाणं हवंच का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नाही. शिजवलेलं धान्य कुत्र्याला पचतं. २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने, मुख्यतः वाटाणा-मसूर यांवर बेतलेल्या अशा खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, हेही तपासायला घेतलं. ते पैसे जास्त प्रोटीन-फॅटच्या साध्या खाण्यावर घाला.

प्रश्न : माझ्याकडे वास काढण्याच्या कामासाठी तयार केलेला लॅब्रॅडोर आहे. ड्युटीआधी पोटभर द्यावं की नंतर? ताकदीसाठी पपी फूड चालेल का?
– हँडलर, घाटकोपर

उत्तर : मुख्य जेवण ड्युटीनंतर, धाप पूर्ण थांबल्यावर तासाभराने द्या. ड्युटीआधी चार तास भरपूर खाणं नको. भरल्या पोटी अंग तापतं, कुत्रा लवकर धापा टाकू लागतो, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत भरलेलं पोट पीळ पडून फुगण्याचाही धोका असतो. पोट ढोलासारखं ताणलेलं, उलटीसाठी उबळ पण बाहेर काही नाही, जागेवर चैन नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं. दिवसाचं खाणं दोन वेळांत विभागून द्या. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं, म्हणून कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे ५० ते ६० मिली पाणी दिवसाला हवंच. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याहून बरंच जास्त.

पपी फूड चालतं, कारण त्यात प्रोटीन-फॅट जास्त असतं, पण दिवसाचा खर्च काढून ते स्वस्त पडत असेल तरच. त्यावर वेगळी कॅल्शियमची पावडर घालू नका. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना तर नाहीच, हाडं वेडीवाकडी होतात.

कोणतंही नवं खाणं दहा दिवसांत आणा : पहिले तीन दिवस पाव भाग नवं, पुढचे तीन दिवस अर्धं, नंतर तीन दिवस पाऊण, मग पूर्ण. फॅट १० वरून एकदम १८ वर नेलं तर जुलाब होतात, कधी स्वादुपिंडाला सूजही येते. मध्येच शी सैल झाली तर पुढे जाऊ नका. आधीच्या प्रमाणावर परत या आणि ती घट्ट होईपर्यंत तिथेच थांबा.