मैदानाच्या कडेला कोण बसलंय?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई 24 वर्षं ठाण्यात क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहेत. त्याआधी त्या कबड्डी खेळत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी 13 वर्षांची आहे. आम्ही कळव्याला राहतो, ती नेरूळला फुटबॉल अकादमीत जाते. गेल्या रविवारी हेडर घेताना दुसऱ्या मुलीचं डोकं तिच्या कपाळावर आपटलं. ती उठली, पण स्कोअर काय झाला हे तिने प्रशिक्षकांना तीनदा विचारलं. त्यांनी दहा मिनिटं बसवलं, पाणी पाजलं आणि परत पाठवलं. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर कपाळावर पट्टी बांधलेला तिचा फोटो आला, खाली ‘आमची वाघीण’. आम्हालाही अभिमान वाटला. आज बुधवार. डोकं अजून दुखतंय, ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही. या रविवारी सामना आहे आणि ती म्हणते, नाही गेले तर माझी जागा जाईल.
– एक आई, कळवा

उत्तर : तुमची मेल आली त्याच संध्याकाळी मी फोन करून सांगितलं, रविवारचा सामना नाही, उद्याच डॉक्टरांना दाखवा. बाकीचं इथे लिहिते, कारण असे फोटो माझ्याकडेही येतात.

एकच प्रश्न परत परत विचारणं ही खूण होती. मेंदूला हादरा बसला की माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही, बहुतेक वेळा पडतच नाही. कवटीच्या आत मेंदू हलतो आणि पेशींचं काम काही दिवस विस्कटतं. हे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन करतात तो रक्तस्राव किंवा हाड मोडलंय का हे बघायला. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे, खेळू दे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

संशय जरी आला, तरी त्या दिवसाचा खेळ संपला. दहा मिनिटं बसवून काही कळत नाही, लक्षणं काही तासांनीही वर येतात. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. ते क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक कोवळ्या वयातच.

पहिले दोन दिवस घरातली हलकी कामं आणि चालणं चालेल, मोबाइल जवळजवळ बंद. मग आधी शाळा, खेळ नंतर. शाळेचा पूर्ण दिवस डोकं न दुखता गेला की हलकं धावणं, नंतर एकटीने चेंडूचा सराव, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच धक्काबुक्कीचा खेळ. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. डोकं परत दुखायला लागलं तर एक पायरी खाली. या वयात महिनाभर लागला तरी घाबरू नका. मात्र उलट्या थांबत नाहीत, डोकेदुखी वाढतच चालली, झटका आला, झोपेतून उठवायला जड जातंय, हातपाय लुळे वाटतात किंवा एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय, वेळ कुठलीही असो.

तिच्या जागेबद्दल बोलते, कारण तिला खरी भीती त्याचीच आहे. तिची अकादमी नेरूळला, तिथलंच डी. वाय. पाटील स्टेडियम. 26 ऑक्टोबर 2025 ला विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला. ती स्पर्धेबाहेर गेली, तिच्या जागी शफाली वर्मा आली आणि आठवड्याने त्याच मैदानावर अंतिम सामन्यात 87 धावा काढून सामनावीर ठरली. विजयाच्या जल्लोषात प्रतिका व्हीलचेअरवर होती, सगळ्यांच्या मधोमध. ते फोटो मुलीला दाखवा.

अकादमीशी भांडू नका, पण लेखी विचारा : सरावाला आणि सामन्याला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं कोण असतं? त्यांचं नाव काय? मुलीला बाहेर काढायचं की नाही, हा निर्णय शेवटी कुणाचा? हा निर्णय प्रशिक्षकाकडे नसावा. प्रशिक्षक वाईट असतात म्हणून नाही. सामना हरत असताना त्या जागी मी असते तर मलाही मोह झाला असता.

प्रश्न : मुलगा 14 वर्षांचा, वेगवान गोलंदाज. सकाळी वाशीत एका अकादमीत, संध्याकाळी शाळेच्या संघात. महिनाभर कंबर एकाच बाजूला दुखते. एक्स-रे चांगला आला. मालीश चालू आहे.
– एक वडील, वाशी

उत्तर : मालीश थांबवा, गोलंदाजीही थांबवा. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची कंबर एका बाजूला दुखत असेल तर मणक्याच्या हाडाला ताणाची बारीक चीर आहे असंच आधी धरायचं. सुरुवातीला ती एक्स-रेवर दिसत नाही, एमआरआय लागतो. लवकर सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने भरते. बुमराहसारख्याला पाठीच्या या दुखण्यापायी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आणि एक वही करा. दोन्हीकडचे चेंडू रोज त्यात लिहायचे, नेट्समधलेसुद्धा. दोन्ही प्रशिक्षकांना दुसरीकडे किती टाकले हे माहीतच नसतं.

प्रश्न : मी ठाण्यात एका दैनिकासाठी शालेय आणि जिल्हा स्पर्धांच्या बातम्या देतो. जागा मिळते दीडशे शब्द. तुमच्या सदरात ‘पेपरवाल्यांनी लक्ष द्यावं’ असं वाचतो. नक्की काय लिहायचं?
– एक बातमीदार, ठाणे

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. माझी एक गोष्ट सांगते.

1990 साल, मी 16 वर्षांची. ठाण्यात मातीच्या मैदानावर शालेय कबड्डीची उपांत्य फेरी. पकड करताना माझं डोकं चढाईला आलेल्या मुलीच्या गुडघ्यावर आदळलं. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, आणि मध्यंतरानंतर मी परत मैदानात. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या : ‘डोक्याला मार लागूनही तिने जिद्दीने किल्ला लढवला.’ बाबांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं, अजून आहे. त्यात लिहिलंय की उत्तरार्धात मी तीन पकडी केल्या. मला त्यातली एकही आठवत नाही, घरी कशी आले तेही नाही. बातमीदाराचा दोष नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. पण ते कात्रण शाळेच्या फलकावर लागलं, आणि त्यानंतर मी शाळेत होते तोवर लागलं म्हणून बाहेर बसलेली एकही मुलगी मी पाहिली नाही. कोण बसणार?

म्हणून पहिली विनंती, ‘जायबंदी होऊनही’, ‘वेदनेवर मात करून’ हे शब्द शाळकरी मुलांच्या बातमीत नकोत. एखादी मुलगी बाहेर बसली आणि राखीव खेळाडूने सामना काढला, तर ती बातमी करा.

दुसरी गोष्ट, आयोजकांना निकाल विचारता तेव्हाच विचारा : मैदानावर प्रथमोपचाराला कोण होतं, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येणार होती, हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र आहे का. उत्तर शेवटच्या ओळीत छापा. ‘स्पर्धेला दोन फिजिओ आणि एक रुग्णवाहिका होती.’ नऊ शब्दसुद्धा होत नाहीत. काहीच नव्हतं तर तेही छापा. पुढच्या वर्षी असेल. आपल्या ठाण्याला हे नवीन नाही. दहीहंडीचे थर मोजता मोजता पेपरांनी जखमी गोविंदांचे आकडेही वर्षानुवर्षं दिले, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2017 मध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायचं नाही असं ठरलं. आकडा छापून येत राहिला नसता, तर लोकांना त्याचं काही वाटलं असतं का?

तिसरी गोष्ट माझ्या मनात सगळ्यांत वर आहे. मैदानाच्या कडेला बॅग घेऊन बसलेल्या माणसाची बातमी करा, काही घडायच्या आधी. अमेरिकेत या कामाचा वेगळा पेशाच आहे, अ‍ॅथलेटिक ट्रेनर. व्यायाम करून घेणारा जिम ट्रेनर वेगळा. हा दुखापत टाळतो, झाली तर मैदानावर पहिला हात लावतो आणि खेळाडू परत कधी उतरेल यावर लक्ष ठेवतो. त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 ची आहे. तरी तिथल्या अनेकांना हा माणूस नक्की काय करतो हे कळलं 2 जानेवारी 2023 ला. त्यांच्या फुटबॉलच्या सामन्यात डामार हॅमलिन टक्कर झाल्यावर उठला आणि कोसळला, हृदय थांबलं होतं. डेनी केलिंग्टन या सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनरने मैदानावरच छाती दाबायला सुरुवात केली. हॅमलिन वाचला, पुढच्या हंगामात खेळला. दूरचित्रवाणीवर लाखोंनी ते पाहिलं. आपल्याला इतकी भयंकर वेळ यायची वाट बघायला नको.

त्याच देशातल्या वॉशिंग्टन राज्यात 2006 मध्ये झॅकरी लिस्टेड नावाचा 13 वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत उतरला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. घरच्यांनी गोष्ट झाकली नाही, तो आणि त्याचे वडील जाहीरपणे सांगत राहिले. 2009 मध्ये तिथे कायदा झाला : संशय आला की मुलाला बाहेर काढायचं, आणि वैद्यकीय परवानगी लेखी आल्याशिवाय परत घ्यायचं नाही. 2014 पर्यंत सगळ्या 50 राज्यांत तसे कायदे आले. मात्र ती गोष्ट सांगायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवलं होतं. तुम्ही पडलेल्या मुलाचा चेहरा आणि नाव पालकांना विचारल्याशिवाय छापू नका.

प्रश्न : मॅडम, मी नुकतीच क्रीडा फिजिओथेरपीत पदव्युत्तर झाले. ऐरोलीत शाळांना म्हटलं, स्पर्धांना फुकट येते. ते ‘गरज पडली तर बोलवू’ म्हणतात. पेपरला लेख पाठवला तर जाहिरात विभागाचा नंबर दिला. लोकांपर्यंत पोचू कशी?
– एक फिजिओ, ऐरोली

उत्तर : ‘गरज पडली तर’ म्हणजे मुलगा पडल्यावर. तेव्हा तू ऐरोलीत दुसऱ्या टोकाला असशील. हे त्यांना असंच सांग, रागावून नको.

फुकट एकदाच जा, नंतर मानधन माग. थोडं चालेल, पण माग. जे फुकट मिळतं ते खर्चाच्या कागदावर येत नाही, आणि कागदावर नसलेला माणूस पुढच्या वर्षी विसरला जातो.

लेखातून स्वतःचं नाव, क्लिनिक, पत्ता काढून टाक आणि वेळ साधून पाठव. अमेरिकेत मार्च हा अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा महिना म्हणून पाळतात. आपल्याकडे मार्चमध्ये परीक्षा, कोण वाचणार? आपले दिवस दोन. एक, उन्हाळी शिबिरांच्या आधीचा आठवडा. एप्रिल 2023 मध्ये खारघरला उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हापासून नवी मुंबईत ऊन हा विषय समजावून सांगावा लागत नाही. ‘अकरा ते चार मैदान बंद ठेवा. मूल उन्हात बरळायला लागलं की 108 ला फोन करा आणि गाडीची वाट न बघता पाणी ओता, बर्फ लावा, गार करत राहा’ एवढंच लिही. दुसरा दिवस 29 ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन. त्या दिवशी पेपरांना खेळावर मजकूर हवाच असतो.

आणि लेखाच्या आधी गणपती मंडळं गाठ. त्यांच्याकडे मांडव आहे, माइक आहे, आरतीला जमलेली दोनशे माणसं आहेत. अध्यक्षांना म्हण, आरतीआधी दहा मिनिटं द्या. भाषण करू नकोस, हृदय थांबलं तर छाती कशी दाबायची ते सरावाच्या बाहुलीवर दाखव : हाताचे कोपर सरळ, छातीच्या मध्यावर, मोठ्या माणसाला पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. मग मंडळाच्या चार पोरांना आणि एखाद्या आजींना करायला लाव. आजी खाली बसून दाबायला लागल्या की सगळे मोबाइल काढतात. तो व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो, आणि स्थानिक केबलवाल्याला तोच हवा असतो. मी तीन वर्षं नौपाड्यात हे करतेय. दोन शाळांच्या मुख्याध्यापक त्या गर्दीतच भेटल्या, आता त्यांच्या क्रीडा महोत्सवाच्या खर्चात फिजिओचं मानधन धरलेलं असतं.

सरावाची बाहुली विकत घेऊ नकोस, महाग असते. माझ्याकडे एक आहे, डावा खांदा जरा सैल झालाय पण छाती चांगली दाबली जाते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येऊन घेऊन जा.