लॉटरी काढणाऱ्याचं कधीच नुकसान होत नाही का?

सहसा नाही. बहुतेक सरकारी लॉटऱ्यांत विक्रीचा ठरावीक हिस्साच बक्षिसांना जातो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास. ४९ पैकी ६ आकडे निवडायचे म्हटले तर १,३९,८३,८१६ वेगवेगळे संच होतात, तुमचं तिकीट त्यातलं एक. पहिलं बक्षीस कुणालाच लागलं नाही तर रक्कम पुढच्या सोडतीत जाते, आणि ती फुगली की तिकिटं आणखी खपतात.

पण गणित चुकलं की सरकारही बुडतं. १७२९च्या सुमारास फ्रान्सने भाव पडलेले कर्जरोखे मिटवायला लॉटरी काढली. तिकीट रोखेवाल्यांनाच, आणि त्याची किंमत रोख्याच्या रकमेचा हजारावा भाग! म्हणजे छोट्या रोखेवाल्याला तिकीट जवळजवळ फुकट, बक्षिसाची संधी मात्र सगळ्यांना सारखीच. ला कोंदामीन या गणितज्ञाने ही फट बरोबर हेरली. व्हॉल्तेअरला (हो, तोच तत्त्वज्ञ) सोबत घेतलं, गट करून छोटे रोखे गोळा केले आणि बक्षिसं अक्षरशः लुटली. शेवटी सरकारने लॉटरीच गुंडाळली.

आज अशी फट सापडणं कठीण. वाढदिवसाचे आकडे मात्र टाळा. ते बरेच जण भरतात, त्यामुळे लागलेच तर बक्षीस वाटून घ्यावं लागण्याची शक्यता जास्त.