कारभाऱ्याची किल्ली

इंदूर, रविवार रात्र

प्रिय पोरी,
प्रभूच्या नावात सलाम.

लाल चर्चमधल्या तुझ्या कॅथलिक मैत्रिणीने, पोप हा पेत्राचा वारस आहे हे पटवायला, मत्तय 16 उघडून येशू पेत्राला म्हणतो ते "या खडकावर मी आपली मंडळी रचीन" हे दाखवलं, तुला काही सुचलं नाही, आणि आता "काका, चार वचनं काढून द्या, बुधवारी तिला उत्तर द्यायचंय" म्हणतेस. वचनं देतो. पण तिचं म्हणणं तिच्याहून चांगलं मांडता येईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस, एवढं माझं ऐक.

तुझ्या वयात मी हे पाळलं नाही. ग्रीकमध्ये 'पेत्रोस' म्हणजे सुटा दगड, 'पेत्रा' म्हणजे खडक, म्हणून तो खडक पेत्र नव्हेच, असं मी एका सभेत ठासून सांगितलं. समोरच्या कॅथलिक सिस्टरने शांतपणे विचारलं, "येशू घरी कुठली भाषा बोलत होता?" अरामीत दोन्ही जागी एकच शब्द, केफा. योहान 1:42 मध्ये तो तसाच्या तसा आहे. पौलही बहुतेक वेळा केफाच म्हणतो. मी गप्प बसलो. आज मला वाटतं, तो खडक पेत्रच आहे, आणि हे मान्य केल्याने आपलं काही बुडत नाही. प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन, त्याने आयुष्यात दोन्ही अर्थ शिकवले, आणि म्हातारपणी लिहून ठेवलं की वाचकाने पटेल तो घ्यावा.

खरा पेच पुढच्या वचनात आहे, किल्ल्यांचा: तिथे येशू पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या आणि बांधण्या-सोडण्याचा अधिकार देतो. त्यासाठी यशया 22 वाच. राजघराण्याचा कारभारी शेबना पदावरून जातो, त्याचा झगा आणि कमरबंद एल्याकीमला मिळतो, आणि दावीदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर येते. कॅथलिक अभ्यासक म्हणतात, येशूच्या बोलण्यामागे हेच चित्र आहे. कारभारी बदलतो, कारभार राहतो. इंदुरात वाढलेल्या मराठी मुलीला हे समजावायला नको. मल्हारराव होळकर 1766 मध्ये गेले, गादी राहिली. पण मल्हाररावांचा पराक्रम गादीबरोबर कुणाला देता आला नाही. मग पेत्राला मिळालं ते गादीसारखं होतं की त्या पराक्रमासारखं, त्याच्या एकट्याचं? सगळा वाद इथे आहे, खडकाच्या व्याकरणात नाही.

ती म्हणेल, यहूदाची जागा मत्थियाने भरलीच की (प्रेषितांची कृत्ये 1). खरं आहे. पण त्याच अध्यायात अट आहे: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू वर घेतला जाईपर्यंत जो सोबत होता तोच चालेल. दुसऱ्या पिढीत असा माणूस कुठून आणणार? पुढे अध्याय 12 मध्ये याकोबाचा वध झाला, तेव्हा त्याच्या जागी कुणाला निवडल्याची नोंद नाही. बांधण्या-सोडण्याचा अधिकार मत्तय 18:18 मध्ये सगळ्या शिष्यांना आहे. आणि पहिल्या पत्रात पेत्र वडिलांना लिहितो तेव्हा स्वतःला 'सोबतीचा वडील' म्हणवतो. मला हे वचन फार प्रिय आहे.

अंत्युखियात पौलाने केफाला तोंडावर विरोध केला, ते गलतीकरांस पत्र मात्र हुकमाचं पान म्हणून टाकू नकोस. तिथे चूक वागण्याची होती, आणि पोपच्या शिकवणीच्या अचूकतेचा सिद्धांत ठरवणाऱ्या 1870 च्या व्हॅटिकन परिषदेनेही पोप वागण्यात चुकत नाही असं कुठेच म्हटलेलं नाही.

पेत्राने त्या किल्ल्या रोममध्ये अमक्याच्या हाती दिल्या, असं नव्या करारात वचन नाही. लीनचं नाव 2 तीमथ्य 4:21 मध्ये येतं, तेही नुसत्या सलामात. तो रोमचा बिशप झाला हे लियोंचा बिशप इरेनेअस सांगतो, सुमारे 180 साली. आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते पद पेत्र आणि पौल या दोघांच्या हातून आलं. म्हणून माझं मत असं: पेत्राचा पहिला मान शास्त्रात आहे, त्याची गादी परंपरेत आहे. या कारणाने मी आहे तिथेच राहिलो. पण तिने विचारलं, "नव्या करारात 27 पुस्तकं आहेत हे कुठल्या वचनात आहे?" तर घाईने उत्तर देऊ नकोस. तीही मंडळीने जपलेली आठवणच आहे, आणि ती आपण मानतो.

हा प्रश्न फक्त पोपचा नाही गं. आपल्या उत्तर भारताच्या मंडळीतही (CNI) वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी 1970 मध्ये नागपूरला एकत्र येताना बिशपपद घेतलंच. आपल्याकडेही डोक्यावर हात ठेवून ते दिलं जातं. पोप तेराव्या लिओने 1896 मध्ये अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) बिशप-पाळकांची दीक्षा व्यर्थ ठरवली, ते वाचताना मला आजही दुखतं, कारण तशा हातांनीच मला दृढीकरण मिळालं. तिला हे दुखणं सांग. 1995 मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलने इतर मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना विनंती केली होती, की पोपचं हे पद सर्वांना स्वीकारता येईल अशा रीतीने कसं चालवावं, याचा माझ्यासोबत विचार करा. पोपने आपल्याला विचारलं होतं, पोरी. या विनंतीबद्दल तिला काय वाटतं, ते बुधवारी आधी विचार.

आणि शनिवारी तिला घेऊनच घरी ये. यशया 22 चं शेवटचं वचन, ती घट्ट ठोकलेली खुंटी निखळते ते, मला तिच्याकडून समजून घ्यायचं आहे.

तुझा,
काका