वाचकांचे प्रश्न : महिला विश्वचषक, बर्मिंगहॅम ते नेरूळ

महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पुरुषांच्या आधी झाला, हे खरे का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

अगदी खरे. महिलांची स्पर्धा १९७३ ची, पुरुषांची १९७५ ची. इंग्लंडच्या कर्णधार रेचेल हेहो फ्लिंट यांनी उद्योगपती जॅक हेवर्ड यांच्याकडून ४० हजार पौंड मिळवले आणि ६० षटकांचे सामने इंग्लंडमध्ये झाले. तेव्हा अंतिम सामना ठेवलेलाच नव्हता, गुणतक्त्यात पहिला तो विजेता. साखळीतला शेवटचा सामना बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर इंग्लंड-ऑस्ट्रेलियात झाला आणि योगायोगाने तोच निर्णायक ठरला. ठरवून ठेवलेला पहिला अंतिम सामना १९८२ चा, न्यूझीलंडमधला.

या स्पर्धेत खरी चुरस कोणाची? आमच्याकडे सगळे भारत-पाकिस्तानच म्हणतात. – वाचक, ऐरोली

प्रेक्षकसंख्येचा विचार केला तर त्यांचे बरोबर आहे. पण चुरस म्हणजे दोन्ही बाजूंना हरण्याची धास्ती हवी, आणि २०२५ च्या स्पर्धेपर्यंत पाकिस्तानच्या महिला संघाला भारताविरुद्ध एकही एकदिवसीय सामना जिंकता आलेला नाही. आमच्या मते भारताची खरी लढत ऑस्ट्रेलियाशी.

१९९७ ला दिल्लीत उपांत्य फेरीत भारत १९ धावांनी हरला. २००५ च्या अंतिम सामन्यात सेंच्युरियनला कॅरेन रोल्टनने नाबाद १०७ केल्या आणि आपला डाव ११७ वर आटोपला. २०१७ ला डर्बीत पावसामुळे उपांत्य सामना ४२ षटकांचा झाला. तिथे हरमनप्रीत कौरने ११५ चेंडूंत नाबाद १७१ ठोकल्या आणि भारत जिंकला. त्या पराभवानंतर ऑस्ट्रेलिया विश्वचषकात एकही सामना हरली नाही, ती थेट ३० ऑक्टोबर २०२५ पर्यंत. त्या दिवशी उपांत्य सामन्यात आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग भारताने ९ चेंडू राखून पूर्ण केला.

तो पाठलाग जमला कसा? सलामीच्या दोघी ५९ धावांत परतल्यावर जेमिमा रॉड्रिग्ज आणि हरमनप्रीतने तिसऱ्या गड्यासाठी १६७ धावा जोडल्या. हरमनप्रीत ८९ वर बाद झाली तरी जेमिमा शेवटपर्यंत टिकली, नाबाद १२७. ऑस्ट्रेलियाने तिचे झेल ८२ आणि १०६ वर सोडले. इतक्या मोठ्या धावसंख्येच्या रक्षणात अशी चूक महाग पडते, कारण जमलेली फलंदाज मैदानात राहिली की लागणारी धावगती हाताबाहेर जात नाही.

२०२५ ला तीन सामने हरूनही भारत उपांत्य फेरीत कसा? आणि निव्वळ धावगती घरी कशी काढायची? – वाचक, कळवा

तीन विजयांचे ६ गुण आणि बांगलादेशविरुद्धचा नेरूळचा सामना पावसात वाहून गेला त्याचा १, एकूण ७. पाचव्या क्रमांकावरच्या श्रीलंकेचे ५ होते. म्हणजे गुण समान झालेच नाहीत, त्यामुळे धावगतीची वेळच आली नाही.

धावगतीसाठी आपल्या धावांना खेळलेल्या षटकांनी भागा, त्यातून प्रतिस्पर्ध्याचा तसाच आकडा वजा करा. बहुतेकांचे दोन ठिकाणी चुकते. ४८.३ षटके म्हणजे साडेअठ्ठेचाळीस, म्हणून भागाकारात ४८.५ घ्यायचे. आणि संघ सर्वबाद झाला तर पूर्ण ५० षटके धरायची. हाच उपांत्य सामना सरावासाठी घ्या (तक्त्यात तो मोजत नाहीत): ३४१ भागिले ४८.५ म्हणजे ७.०३. ऑस्ट्रेलिया ४९.५ षटकांत सर्वबाद, तरी ३३८ भागिले ५० म्हणजे ६.७६. फरक अधिक ०.२७. संपूर्ण स्पर्धेची काढताना मात्र आधी सर्व सामन्यांच्या धावा आणि षटके एकत्र करा, प्रत्येक सामन्याची सरासरी काढून बेरीज करू नका.

२ नोव्हेंबर २०२५ च्या अंतिम सामन्यात पाऊस थांबलाच नसता तर? – वाचक, सीवूड्स

दुसरा दिवस राखीव होता. तोही वाया गेला असता तर भारत आणि दक्षिण आफ्रिका संयुक्त विजेते ठरले असते. प्रत्यक्षात सामना सुमारे दोन तास उशिरा, संध्याकाळी ५ ला सुरू झाला आणि एकही षटक कमी करावे लागले नाही. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि ३९ धावांत ५ बळी.