डिस्नेलँडहून आणलेल्या पिना (कपड्यावर लावायचे धातूचे छोटे, रंगीत बिल्ले) नाशिकच्या पावसाळ्यात कशा जपाव्यात?

जून लागला की भिंतीवरच्या बोर्डवरून उतरवा. पंचवटीतल्या आमच्या घरी ओल चढते, म्हणून मी त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सुती कापडावर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. पुड्या अधूनमधून बदलते. डाग दिसला तरी पितळी भांडी घासायची पावडर लावू नका, मुलामा आणि चकाकी दोन्ही जातात. कोरडा मऊ कपडा पुरतो.

हौशी लोकांमधली पिनांची अदलाबदल फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९९ साली सुरू झाली, आणि आता नकली पिनाही खूप फिरतात. मागची कॉपीराइटची खूण एवढीच पाहू नका, ती नकलीवरही असते. कडा खरखरीत आहे का, रंग खोलगट भरलाय का, तेही बघा.

आणि पिन ज्यावर लावून विकतात ते मूळ कार्ड फेकू नका. माझ्या मुलीच्या पहिल्या मिकीच्या कार्डामागे तिच्या आजोबांनी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे.