चार फॉल्टचा गोल

"माझं टेन्शन त्याला लागतं का हो?" हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. 'तो' म्हणजे बहुतेक वेळा दहावीतला मुलगा असतो. कधी नवरा, कधी नुकताच शाळेत जायला लागलेला नातू. गेल्या वर्षी पहिल्यांदाच 'तो' म्हणजे पाचशे किलोंचा घोडा निघाला.

बाई 44 वर्षांच्या. पुण्यात सीए म्हणून स्वतःचं ऑफिस. वयाच्या 38व्या वर्षी, मुलगी होस्टेलला गेल्यावर, घोड्यावर बसायला शिकल्या आणि त्यात अडकल्याच. दोन वर्षांपूर्वी रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा घेतला, रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि काही तपशील बदलले आहेत. नाव मुद्दाम कुणाचंच देत नाही. इथलं हे जग एवढंसं आहे की घोड्याचं नाव लिहिलं तरी बाई कोण ते कळेल. त्यामुळे घोडा आपला नुसता कुमैत.

तक्रार सरळ होती. उडी मारून अडथळे पार करायच्या स्पर्धेत, शो जंपिंगमध्ये, त्या उतरतात. सरावात कुमैत 90 सेंटिमीटर उंचीचे अडथळे झोकात मारतो. स्पर्धेच्या मैदानावर पाऊल ठेवलं की तापतो. मानेवर पांढरा फेस, एका जागी पाय ठरत नाहीत, तिरका चालतो. बेल वाजली, दोन अडथळे झाले की जो सुटतो तो सुटतोच. तीन स्पर्धा झाल्या, तिन्हीत बाद. एकदा तिसऱ्या अडथळ्याच्या बाजूने पुन्हा पुन्हा निघून गेला, दोनदा बाईंनी त्याला आवरता आवरता तो अडथळ्यापुढे येऊन पुन्हा पुन्हा थांबला. कोच म्हणाले, "तुमची भीती त्याला कळते." तेव्हापासून बाईंनी ध्यानाचं ॲप घेतलं, पहाटेचा प्राणायाम सुरू केला, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कॉफी सोडली. तरी घोडा तापायचा तो तापायचाच.

"मला शांत व्हायला शिकवा," त्या म्हणाल्या. "मी शांत झाले की तो होईल."

घोड्यांतलं मला काही कळत नाही. पण पहिला प्रश्न मी त्याच्या दातांबद्दल विचारला. यात माझी हुशारी नाही, जुनी सवय आहे. कुणी "सारखं उदास वाटतं" म्हणत आलं की मी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून आणायला सांगते. रक्तात लोह नसताना बालपणावर सहा महिने बोलत बसण्यात काय अर्थ आहे? बाईंनी पशुवैद्य बोलावला. दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या घासून घेतल्या. खोगीर पाठीला बरोबर बसत होतं. ओट्सचं प्रमाण थोडं कमी केलं. सरावात घोडं जरा नरम आलं. स्पर्धेतलं मात्र तिथेच होतं, म्हणजे घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच.

तिसऱ्या भेटीत मी माझी ओढणी काढून तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. मधला भाग मी धरला, समोर बसून. "हा लगाम, मी घोडा. आता मागची स्पर्धा सांगा."

त्यांनी लगाम धरतात तशी करंगळी आणि अनामिकेच्या मधून ओढणी घेतली. सवयच ती. सांगायला लागल्या. वॉर्म-अपला किती गर्दी होती, समोरून येणारी पोरं कशी अंगावर येतात. ओढणी सैल होती. मग कोर्स, पहिला अडथळा, दुसरा. आवाज अगदी नेहमीचा, ऑफिसात बोलावा तसा. आणि तिसऱ्या अडथळ्याचं नाव तोंडातून निघायच्या आधीच माझ्या मुठीतलं कापड ताणलं गेलं. एकदम नव्हे. पंख्याच्या खाली कापडाची झोळी हलत होती, ती हळूहळू सरळ झाली आणि माझी मनगटं दोन बोटं पुढे सरकली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण श्वास थांबला होता.

"तुमचे हात बघा," मी म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. कोपर बरगड्यांना चिकटलेलं, बोटांची पेरं पांढरी. "मी तर काहीच केलं नाही," त्या म्हणाल्या. खरंच त्यांना वाटत होतं तसं.

त्यांच्या परवानगीने मी कोचशी फोनवर बोलले आणि राहिलेला धागा त्यांनी जोडून दिला. रेसमध्ये घोडा लगामाच्या ताणावर मान टेकवून पळायला शिकलेला असतो. आपण ओढलं की आपल्या लेखी त्याचा अर्थ 'थांब'. कुमैताच्या आयुष्याची पहिली काही वर्षं त्याचा अर्थ होता 'चल, पळ'. म्हणजे बाई घाबरून जितक्या ओढत, तितका तो इमानदारीने पळत होता. तो पळाला की बाई आणखी ओढत. दोघांपैकी कुणीही चुकत नव्हतं, फक्त दोघांची भाषा उलटी होती. बाईंना हे माहीत नव्हतं असंही नाही. क्लबमध्ये शंभरदा सांगून झालं होतं. पण ते डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं.

स्वीडनमध्ये यावर एक छान प्रयोग झाला आहे, 2009 साली प्रसिद्ध झालेला. लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी माणसांना घोडा घेऊन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला सांगितलं, काहींना चालवत नेऊन, काहींना बसून. चार फेऱ्या. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितलं, आता तुम्ही जाताना छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. प्रयोग लहान आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण "लागतं का" या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो, लागतं' असंच आहे. खोटा दिलासा द्यायचा नाही. मात्र ते काही हवेतून जात नाही. हातातून, श्वासातून, मांडीच्या दाबातून जातं. वाट आहे म्हटल्यावर वाटेवर काम करता येतं. मनातली भीती पुसून टाकायची गरज नाही.

घरी बसून हे वाचणाऱ्या आयांना इथेच सांगते, तुमचा लगाम शोधा. परीक्षेच्या आठवड्यात तुम्ही चेहरा कितीही हसरा ठेवलात तरी "झालं का वाचून?" हे तासातून चार वेळा येत असेल, तर तो ताण मुलाच्या तोंडाशी पोचतोय.

शांत होण्याचा नाद मात्र मी सोडायला लावला. घाबरलेल्या माणसाने स्वतःला 'शांत हो' म्हणणं हे बऱ्याचदा त्या ओढण्यासारखंच असतं, आतल्या आत लगाम खेचणं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की गाणं, भाषण, गणित अशा कामांआधी 'मला हुरूप आलाय' असं स्वतःला सांगणारे लोक 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. छातीतली धडधड तीच, फक्त नाव दुसरं. बाईंना ते वाक्य काही पटलं नाही. "मला हुरूप नाही आलेला, मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. मला हे आवडलं. मग ठरवलं, भीती राहू दे, हात सोडवू.

गृहपाठ साधा होता. त्या स्वतः गाडी चालवतात. प्रत्येक लाल सिग्नलला स्टिअरिंगवरची बोटं बघायची, आवळली असतील तर श्वास सोडत एकेक बोट सैल करायचं. पुण्यात सरावाला सिग्नल कमी पडत नाहीत. कोचने कुमैताच्या मानेभोवती चामड्याचा एक पट्टा बांधला. हातांना काही तरी घट्ट धरायचंच असेल तर तो पट्टा धरायचा. त्याचा निरोप घोड्याच्या तोंडापर्यंत जात नाही.

एका रविवारी मी सराव बघायला गेले. सहसा मी असं करत नाही, पण ओढणीच्या घोड्यावर किती दिवस काढणार? कुंपणाशी सईस उभा होता. तो म्हणाला, "मॅडम बसल्या की ह्याचा एक कान मागं असतो बघा. ऐकत असतो. पण त्या वर बसून काय बोलतच न्हाईत. खाली असल्या की लई बोलतात."

खरंच, एक कान सतत मागे वळलेला. तबेल्यात बाई त्याच्याशी मुलीशी बोलावं तशा बोलत. खोगिरावर बसल्या की तोंडाला कुलूप. बोलणं बंद म्हणजे श्वासही बंद, कारण बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. म्हणून मी त्यांना अडथळ्याकडे जाताना मोठ्याने काही तरी म्हणायला सांगितलं. बाई सीए. त्यांनी तेराचा पाढा निवडला. तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस. पहिल्या दिवशी क्लबमधली पोरं फिदीफिदी हसली. कुमैताने मान खाली घेतली आणि फुरफुरला.

इथपर्यंत सगळं तंत्र होतं. खरं दुखणं पाचव्या भेटीत बाहेर आलं. मला वाटत होतं की त्यांना पडायची भीती असेल. पूर्वी एकदा पडून गळपट्टीचं हाड मोडलं होतं. पण त्याबद्दल त्या हसत बोलल्या. मग सहज म्हणाल्या, "सगळे म्हणतात घोडा चांगला आहे. म्हणजे वाईट कोण?" आणि रडल्या. ज्यांच्यासोबत त्या स्पर्धेत उतरायच्या ती बहुतेक मुलं चौदा-पंधरा वर्षांची. त्यांचे आईबाप कठड्याशी उभे. कुणी तरी म्हणालं होतं, हा घोडा एखाद्या चांगल्या मुलाला द्या, तुमच्या हाताखाली वाया चाललाय. प्रत्येक राउंडमध्ये बाई हे खोटं पाडायला निघायच्या. म्हणून 90 सेंटिमीटर, म्हणून एकही फॉल्ट, म्हणजे दंडाचा गुण, नको, म्हणून तिसऱ्या अडथळ्याला हात आवळलेले.

मी विचारलं, "राउंड चालू असताना घोडा सुटतोय असं वाटलं तर नियमाने काय काय करता येतं?"

"हात वर करून बाहेर पडता येतं. रिटायर."

"आणि?"

"गोल घेता येतो. पण दोन अडथळ्यांच्या मध्ये स्वतःचीच वाट ओलांडली की घोड्याने उडी नाकारल्यासारखं धरतात. चार फॉल्ट."

"म्हणजे अडथळ्यावरचा पोल पडल्यावर जितके तितकेच?"

"तितकेच."

"मग एक गोल आधीच विकत घेऊन ठेवा."

हिशेबाचा माणूस असल्यामुळे हे त्यांना लगेच समजलं. चार फॉल्ट नोंदणी फीसारखे, घरूनच धरून चालायचे. लागले तर वापरायचे, नाही लागले तर फायदा. स्पर्धा 70 सेंटिमीटरची घ्यायची हेही ठरलं. त्यावर मात्र त्या दोन आठवडे रुसल्या होत्या. भेटीही पुढे ढकलल्या.

स्पर्धेच्या दिवशी मी नव्हते. पुढचं त्यांनीच सांगितलं. सकाळी कोर्स पायी फिरल्या. स्वार असे फिरतात तेव्हा पावलं मोजतात: माणसाची तीन फुटांची चार पावलं म्हणजे घोड्याची एक टाप, आणि वर दोन पावलं उतरायला, दोन उडी घ्यायला. चौथ्या आणि पाचव्या अडथळ्यामध्ये 24 पावलं भरली, म्हणजे पाच टापा. वॉर्म-अपला मोजून पाचच उड्या मारल्या आणि गर्दीतून बाहेर निघून घोडा चालवत राहिल्या. कुमैत तापला होताच. फेस आला होता. त्यांच्याही पोटात गोळा होता.

बेल वाजली की सुरुवात करायला 45 सेकंद मिळतात. आधी त्या बेल वाजताच सुटायच्या, एकदाचं संपू दे म्हणून. या वेळी जवळजवळ सगळे वापरले, पाढा म्हणत चालत. पहिला अडथळा गेला. दुसरा, तिसरा गेला. चौथ्यानंतर पाच टापांच्या जागी तो चारातच पोचला, पाचव्याचा पोल पाडला आणि उतरला तो डोकं वर करून, निघालाच. सहावा समोर होता. बोटं आवळायला लागलेली त्यांना कळली. "तेरी साती एक्क्याण्णव," त्या म्हणाल्या, पट्टा धरला आणि मोठा, संथ गोल घेतला. कठड्यापलीकडे कुणी तरी "अरेरे" केलं. ते ऐकू आलं म्हणाल्या. गोल पूर्ण होईपर्यंत कुमैताचा कान मागे वळला होता. सहावा, सातवा, आठवा.

एकूण आठ फॉल्ट. खालून तिसरा नंबर.

"टोकियो ऑलिंपिकला आपल्या घोडेस्वार फवाद मिर्झाच्या पहिल्या जंपिंग राउंडला पण आठच होते," त्यांनी मला ऐकवलं. "त्याचे अडथळे केवढे आणि माझे केवढे ते सोडा. बेरीज तीच."

पुढच्या भेटीची वेळ त्यांनी आदल्या रात्री रद्द केली. कुमैताचे नाल झिजलेत आणि नालबंद त्या बाजूला शनिवारीच येतो, असा मेसेज होता. खाली फोटो होता हाताचा. अनामिकेवर लगामाने पडलेला घट्टा आहे, त्याची कड मऊ होऊन सोलायला लागली होती.